मुलगी घरी लॅटिन शिकतेय: एका बाबांचे तीन प्रश्न

नमस्कार,

तुमचं पत्र मिळालं. मुलीची शाळा संपली, पदवीचा प्रवेश व्हायला अजून अवकाश आहे आणि या मोकळ्या वेळात तिने मोबाइलवरच्या अ‍ॅपवरून लॅटिन शिकायला घेतली. आता टेबलावर चार पुस्तकं उघडी असतात, भिंतीवर विभक्तींचे तक्ते लागलेत आणि परवा तिने 'मला यातच पुढे काहीतरी करायचंय' असं जाहीर केलं. तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. यात पोट भरेल का? शिक्षकाशिवाय घरी ही भाषा येते का? आणि, 'मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, मग ती खरंच शिकतेय की नुसती रमलीय हे ओळखू कसं?' तिसरा प्रश्न मला सगळ्यात आवडला, पण काळजी पहिल्याची आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

निव्वळ लॅटिनवर पोट भरणारे लोक आहेत, पण थोडे. ब्रिटन, अमेरिका, इटली, जर्मनी इथल्या अनेक शाळांत ती शिकवतात, तिथे शिक्षक लागतात. विद्यापीठांतल्या कायमच्या जागा मोजक्या आणि त्यासाठी पीएच.डी. करून रांगेत उभे असलेले पुष्कळ. त्यामुळे 'लॅटिन हेच करिअर' असं ती म्हणत असेल, तर मी तिला 'जोडीला काय?' असं विचारेन.

जोडीचा विषय ठरला की लॅटिनला एकदम वजन येतं. मध्ययुगीन युरोपचा इतिहास घ्या. मठ, न्यायालयं, जमिनीचे व्यवहार, सगळं दप्तर बहुतांशी लॅटिनमध्ये. टोरांटो विद्यापीठाच्या मध्ययुगीन अभ्यासकेंद्रात तर लॅटिनच्या परीक्षा दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पुरातत्त्वात रोमन शिलालेख वाचावे लागतात. विज्ञानाचा इतिहास हा आणखी एक भाग, ज्याकडे विद्यार्थ्यांचं फारसं लक्ष जात नाही. कोपर्निकसचा १५४३ चा ग्रंथ, न्यूटनचा १६८७ चा, गाउसचा संख्यांच्या गणितावरचा १८०१ चा, हे सगळे लॅटिनमध्ये लिहिलेले आहेत. गणित आणि लॅटिन दोन्ही येणारी माणसं कमीच सापडतात. वनस्पतिशास्त्रात १९३५ पासून २०११ संपेपर्यंत नव्या वनस्पतीचं वर्णन लॅटिनमध्ये देणं बंधनकारक होतं. २०१२ पासून इंग्रजीही चालते, मात्र शास्त्रीय नावं आजही लॅटिनच्या नियमांनीच घडतात आणि जुनी वर्णनं तर वाचावीच लागतात.

वकिली किंवा वैद्यकीसाठी लॅटिन शिकावी असं कोणी तुम्हाला सांगितलं असेल, तर ते सोडून द्या. हेबियस कॉर्पस म्हणायला विभक्ती यावी लागत नाही. लागतील त्या संज्ञा त्या त्या अभ्यासक्रमातच पाठ होतात.

आणि उशीर झाला असंही समजू नका. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोन्ही ठिकाणी शाळेत लॅटिन न केलेल्या विद्यार्थ्यांसाठीही अभिजात भाषांच्या, म्हणजे ग्रीक-लॅटिनच्या, पदवीची वाट आहे. आत्ताचा घरचा अभ्यास ही प्रवेशाची अट नाही. आपल्याला ही भाषा खरोखर सोसते का, हे स्वस्तात तपासून पाहण्याची ही संधी आहे.

आता घरी येते का, याबद्दल. येते. पण घरी शिकणाऱ्यांपैकी बरेच जण मध्येच सोडतात आणि त्याचं कारण अवघडपणा हे क्वचितच असतं. कारण असतं तुमच्या मुलीच्या टेबलावर आहे ते: चार उघडी पुस्तकं. प्रत्येक पुस्तकाचा क्रम वेगळा, शब्द वेगळे. एकातली पाचवी पायरी दुसऱ्यात पंधरावी असते. मग माणूस चारही पुस्तकांची पहिली पाच प्रकरणं उत्तम करतो आणि सहाव्याला कुठेच पोहोचत नाही. तिला एक पुस्तक निवडू द्या, बाकीची कपाटात ठेवू द्या.

निवड दोन पद्धतींत आहे. एक म्हणजे व्हीलॉकचं पुस्तक. १९५६ साली आलेलं, चाळीस प्रकरणांचं. आधी इंग्रजीतून व्याकरण समजावायचं, मग वाक्यं द्यायची, अशी त्याची रीत. स्वतः शिकणाऱ्यासाठी त्यात वेगळे सराव आहेत आणि त्यांची उत्तरं मागे दिलेली आहेत. घरी शिकणाऱ्याला याचा मोठा आधार असतो. दुसरं म्हणजे डॅनिश शिक्षक हान्स ओर्बेर्ग यांचं 'फॅमिलिया रोमाना'. पस्तीस प्रकरणं, पहिल्या ओळीपासून शेवटापर्यंत फक्त लॅटिन. एका रोमन कुटुंबाची गोष्ट सुरू होते, नव्या शब्दाचा अर्थ पानाच्या कडेच्या चित्रावरून किंवा संदर्भावरून कळतो, व्याकरण मागाहून येतं. माझं मत दुसऱ्या पुस्तकाच्या बाजूने आहे, कारण त्यात भरपूर वाचन होतं आणि मध्ये इंग्रजीची मध्यस्थी नाही. लॅटिनचं वाक्य आधी इंग्रजीत आणि मग मराठीत आणणं म्हणजे दुप्पट कष्ट, तेही उगाच.

कारण मराठी मुलीला इथे घरबसल्या काही गोष्टी फुकट मिळालेल्या आहेत. तीन लिंगं तिला समजावून सांगावी लागत नाहीत. क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येतं, याचं तिला नवल वाटत नाही. 'करतोस' म्हटलं की 'तू' म्हणावं लागत नाही, लॅटिनमध्येही तसंच. संबोधन धरून प्रमुख विभक्ती सहा, आणि शाळेत संस्कृत झालं असेल तर तिला हे कमीच वाटेल. पुढे एक रचना येते जिथे इंग्रजी माध्यमातून शिकणारे हमखास अडखळतात, 'उर्बे काप्ता', म्हणजे 'शहर जिंकल्यावर'. संस्कृतातली अशीच रचना, सति सप्तमी, आठवली की प्रश्न मिटला.

जड जातं ते वेगळंच. नामांचे पाच गट, त्यातला तिसरा भलताच पसरट. फॅमिलिया रोमानात सोळाव्या प्रकरणाच्या आसपास, रूप कर्मणी पण अर्थ कर्तरी अशी क्रियापदं येतात. सत्ताविसाव्यापासून इच्छा, आज्ञा, हेतू दाखवणारी क्रियारूपं सुरू होतात. या दोन ठिकाणी वेग मंदावणार, हे तुम्ही आधीच गृहीत धरा. तिथे मागची पाच-सहा प्रकरणं पुन्हा वाचायची, पुढे रेटायचं नाही. रोज तासभर दिला तर पुस्तकाला साधारण वर्ष लागेल. ज्यांना दीड वर्ष लागतं, त्यांचंही काही बिघडत नाही.

उच्चाराबद्दल थोडक्यात. सिसेरो या रोमन वक्त्याचं नाव प्राचीन रोमन पद्धतीने 'किकेरो', चर्चच्या पद्धतीने 'चिचेरो'. कोणतीही एक धरावी आणि यावरच्या वादांपासून लांब राहावं, त्यात तासन्‌तास जातात आणि एक शब्दही वाढत नाही. मात्र ह्रस्व-दीर्घ पहिल्या दिवसापासून पाळायला हवं. 'रोसा'मधला शेवटचा स्वर ह्रस्व असला तर गुलाब कर्ता होतो, दीर्घ असला तर अर्थ 'गुलाबाने' असा होतो. शिकण्याच्या पुस्तकांत दीर्घ स्वरावर आडवी रेघ देतात. वहीत लिहितानाही तिने ती गाळू नये.

आता तुमचा तिसरा प्रश्न. लॅटिन न येताही तुम्ही तिची परीक्षा घेऊ शकता. आठवड्यातून दोनदा तिला म्हणा, आज वाचलेला उतारा मोठ्याने वाच, मग पुस्तक मिटून त्यात काय घडलं ते मराठीत सांग. गोष्ट सरळ सांगता आली तर गाडी चालू आहे. 'हे तिसऱ्या गटातलं अनेकवचनी कर्म आहे' असं ती फाडफाड सांगतेय, पण कोणी कोणाला मारलं हे सांगता येत नाही, तर तक्ते पाठ झालेत आणि भाषा राहिलीय. आणि गोष्ट फारच सफाईने आली, तर एखाद्या वाक्यावर बोट ठेवून एवढंच विचारा: 'कशावरून?' तिला शब्दाचा शेवट दाखवून उत्तर देता आलं पाहिजे. चित्रं बघून केलेला अंदाज किंवा मोबाइलने करून दिलेलं भाषांतर या प्रश्नापुढे टिकत नाही.

महिन्यापूर्वीचा उताराही मधूनच काढायला लावा. तो आता सहज वाचता आला पाहिजे. दर महिन्याला नवं पुस्तक येतंय, लॅटिन कशी शिकावी याचे व्हिडिओ रोज बघितले जातायत आणि रंगीत पेनांच्या नोंदी वाढतायत, तर मात्र तुमची 'नुसती रमलीय' ही शंका रास्त आहे.

घरच्या अभ्यासाचं प्रमाणपत्र नसतं, त्यामुळे तिच्या हातात दाखवण्याजोगं काम असू द्या. पुस्तक संपल्यावर तिने लगेच व्हर्जिलचं काव्य किंवा टॅसिटसचा इतिहास उघडू नये, तोंडावर पडेल. युट्रोपियसचा रोमचा छोटा इतिहास किंवा संत जेरोमचं लॅटिन बायबल सोपं आहे, त्यानंतर ज्युलियस सीझरचं लेखन. मग धाकटा प्लिनी या रोमन लेखकाच्या पत्रसंग्रहाच्या सहाव्या भागातलं सोळावं पत्र, व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात आपला मामा कसा गेला हे त्याने टॅसिटसला कळवलेलं. या पत्राचं भाषांतर थेट लॅटिनमधून मराठीत, टिपांसह, तिने केलं तर प्रवेशाच्या मुलाखतीत त्यावर अर्धा तास बोलता येईल. इतिहासाकडे कल असेल तर ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने १०८६ ते १७३३ या काळातल्या कागदपत्रांच्या लॅटिनचा नवशिक्यांसाठी मोफत ऑनलाइन पाठ तयार केला आहे, तोही तिने जरूर करावा. १७३३ मध्ये तिथल्या न्यायालयांतून लॅटिन गेली, म्हणून तो तिथे थांबतो.

पत्राच्या शेवटी तुम्ही ऑनलाइन शिकवणी लावू का असं विचारलंय. आत्ता नको. सोळाव्या प्रकरणापर्यंत तिला एकटीला जाऊ द्या. तिथवर पोहोचली तर आठवड्याला एक तास लावा, आणि शिकवणाऱ्यांना आधीच सांगा की व्याकरण तिचं ती वाचेल, तुम्ही फक्त तिच्याकडून उतारे वाचून घ्या आणि चुका दाखवा.