वाचकांचे प्रश्न : आधी कारखाने, मग शहर

प्रश्न : नवी मुंबई आखून वसवली म्हणतात. मग रासायनिक कारखाने आमच्या घरांना इतके खेटून कसे? हिवाळ्यात पहाटे वास येतो, दुपारी मात्र नाही. असं का?
– एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : आखणी झाली, पण एका हाताने आणि एकदम नव्हे. एमआयडीसी, म्हणजे राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ, १९६२ साली स्थापन झाली, ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून तिचं काम सुरू झालं. ठाणे-बेलापूर पट्टाही त्याच दशकात कारखान्यांनी भरू लागला. नवी मुंबई वसवणारी सिडको आली १९७० साली. तिच्या वाट्याला आली ती उरलेली जागा. म्हणून पूर्वेला पारसिकचा डोंगर, पायथ्याशी कारखाने, मग रस्ता, रेल्वे आणि खाडीच्या अंगाला वसाहती, असा हा उभा पट्टा झाला.

दिवसा खाडीकडून येणारा वारा धूर डोंगराकडे ढकलतो. हिवाळ्यातल्या रात्री वारा उलटतो, जमिनीलगतची हवा गार होऊन बसते, वर जात नाही. वास पहाटेच येतो तो यामुळे. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार करताना वेळ, वाऱ्याची दिशा आणि वास कसला (सडका, आंबूस, डोळे चुरचुरवणारा) हे लिहा. नुसतं ‘वास येतो’ लिहिलंत तर पाहणी दुपारी होते आणि काही सापडत नाही.

प्रश्न : वाशीत आमच्या सेक्टरमध्ये कधीकधी पाऊस नसतानाही गटारातून पाणी वर येतं. नालेसफाई तर झालेली असते.
– एक वाचक, वाशी

उत्तर : मग दोष बहुधा नाल्यात नाही, धारण तलावाच्या (पावसाचं पाणी तात्पुरतं साठवणाऱ्या तलावाच्या) झडपेत आहे. वाशीचा बराच भाग खाडीत भराव घालून केलेला, उधाणाच्या पातळीहून खाली. यासाठी सिडकोने डच पद्धत घेतली. पावसाचं पाणी आधी तलावात येतं. तलावाच्या तोंडाला वरून बिजागरीवर टांगलेली फ्लॅप गेटं असतात. भरती आली की खाडीचं पाणी त्यांना दाबून बंद करतं, ओहोटीला तलावातलं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं. वीज नको, माणूस नको. पण एखादं लाकूड किंवा प्लॅस्टिकचा गठ्ठा चौकटीत अडकला, बिजागरी गंजली, की झडप नीट बसत नाही आणि खाडी उलटी आत शिरते.

हे ओळखणं सोपं आहे. कोरड्या दिवशी, भरतीच्या वेळेलाच पाणी चढलं तर झडप गळते आहे. पावसात चढून सहा-एक तासांनी ओहोटीबरोबर उतरलं, तर तलाव अपुरा पडतोय. ओहोटीलाही तुंबून राहिलं, तर मात्र नाला चोंदलाय. भरतीच्या वेळापत्रकाशी ताडून चार-पाच नोंदी करा आणि त्या महापालिकेच्या विभाग कार्यालयात द्या.

अपुरेपणाचं मूळ गाळात आहे. एक हेक्टरच्या तलावात मीटरभर गाळ साचला तर एक कोटी लिटरची जागा गेली. आणि तलावाकडे येणारं पाणी किती, तर एक चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे १० कोटी लिटर पाणी! शिवाय गाळावर कांदळवन रुजलं की ते उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही, त्यामुळे उपसाही अडतो. गाळ वेळच्या वेळी काढला असता तर ही पाळी आली नसती, असं आमचं मत.

प्रश्न : महापे औद्योगिक भागात जुना गाळा घ्यायचा विचार आहे. कागदपत्रं फ्लॅटसारखीच पाहायची का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. तुमचा जमीनमालक एमआयडीसी, फ्लॅटवाल्याचा बहुतेक सिडको. एमआयडीसीचा भाडेपट्टा साधारण ९५ वर्षांचा, सिडकोचा मूळ ६०चा. तेव्हा उरलेली वर्षं आधी मोजा. हस्तांतरणाला एमआयडीसीची संमती आणि शुल्क लागतं, ते कोण भरणार हे करारातच लिहून घ्या. पट्ट्यात लिहिलेला वापर आणि प्रत्यक्षातला उद्योग जुळतो का, पोटभाडेकरू ठेवलाय का, पाणीपट्टी थकली आहे का, हे इसार देण्याआधी पाहा. पोटमाळा मंजूर नकाशात नसेल तर तो विकणाऱ्याकडूनच काढून घ्या.