मौनव्रत नव्हे, मिठाची गुळणी

प्रश्न असा आला आहे: ‘शंभर पावलं’ हा खऱ्या घटनेवरचा, २००० सालचा इटालियन सिनेमा पाहिला. त्यावर लिहिताना ‘ओमेर्टा’ला, म्हणजे माफियाबद्दल तोंड न उघडण्याच्या अलिखित नियमाला, मराठीत मौनव्रत म्हणावं का? आणि या शब्दाचा मूळ अर्थ ‘मर्दपणा’ आहे, हे खरं का?

आधी तो ‘ट’ काढा. इटालियन माणूस तिथे जीभ दातांना टेकवतो, आपल्या ‘त’सारखीच. आपल्याकडे अख्खा ‘त’ असताना इंग्रजांचा ‘ट’ कशाला उसना घ्यायचा? ओमेर्ता, आणि जोर शेवटच्या ‘ता’वर.

मौनव्रत तर मुळीच नको. परीक्षणांतून हा शब्द पुन्हापुन्हा दिसतो आणि दर वेळी डोकं उठतं. व्रत माणूस आपणहून घेतो, त्याचं पुण्य त्याला लागतं, त्याचं उद्यापनही होतं. ओमेर्ता कुणी घेत नाही. ती घरात आधीपासून असते, ताटाखालच्या पाटासारखी.

आता व्युत्पत्ती. मर्दपणाचा अर्थ सिसिली बेटावरच्या पालेर्मोचे लोकसाहित्याचे अभ्यासक जुझेप्पे पित्रे यांनी रुजवला. सिसिलीच्या बोलीत ‘ओमु’ म्हणजे पुरुष, म्हणून ओमेर्ता म्हणजे खऱ्या पुरुषाचा खंबीरपणा. पित्रे मोठे संग्राहक होते, पण इथे त्यांचं सिसिलीप्रेम आड आलं. ‘ओमु’ला ‘ता’ जोडला, तर मधला ‘र’ कुठून आला? सरळ वाट ‘उमिल्ता’ची, म्हणजे नम्रतेची. दक्षिण इटलीच्या बोलींत ‘ल’चा ‘र’ होतो, की झालं ‘उमिर्ता’. रलयोरभेदः (‘र’ आणि ‘ल’ यांत भेद नाही) म्हणणाऱ्यांना, हरिद्रेची हळद करणाऱ्यांना हे वेगळं समजवायला नको. नेपल्सच्या कामोर्रा टोळीच्या जुन्या नावातही हा ‘उमिर्ता’ सापडतो. तेव्हा मूळ अर्थ वरच्यापुढे मान तुकवणं. पित्रेंनी वाकलेल्या पाठीलाच ताठ कणा म्हटलं, आणि लोक अजून तेच उगाळतात.

खरी गंमत त्याच्याही खाली आहे. नम्रतेचा लॅटिन ‘हुमिलिस’ आला ‘हुमुस’वरून, म्हणजे माती. माणूस या अर्थाचा ‘होमो’ही त्याच मुळाचा, मातीवरचा तो माणूस. आणि याच मुळाची संस्कृतातली बहीण आहे ‘क्ष्मा’, पृथ्वी! (माफी या अर्थाची क्षमा वेगळ्या धातूची, तिला यात ओढू नका.) म्हणजे ‘ओमु’वाले आणि ‘उमिल्ता’वाले भांडत भांडत खोल गेले, तर दोघांच्या हाताला एकच माती लागते. हे पहिल्यांदा उमगलं त्या रात्री मला झोप आली नव्हती.

सिनेमातला तो प्रसंग याच जागी आठवतो. सिसिलीतल्या चिनिसी गावात रात्री सिनेमाचा नायक पेप्पिनो इम्पास्तातो धाकट्या भावाला ओढत रस्त्यानं नेतो, मोठ्यानं पावलं मोजत. शंभर भरतात आणि समोर माफियाचा म्होरक्या बादालामेन्तीचं घर. वडिलांची ऊठबस तिथलीच. त्या घरात चांगला मुलगा म्हणजे मान खाली घालणारा मुलगा. पेप्पिनोनं रेडिओवरून म्होरक्याची टर उडवली आणि १९७८च्या मे महिन्यात, ८ तारखेच्या रात्री, त्याला मारून रेल्वे रुळावर स्फोटकांनी उडवलं. सासरच्या माणसांनी गप्प बसायला सांगितलं, तरी आई फेलिचा न्यायालयात उभी राहिली. बादालामेन्तीला २००२ साली जन्मठेप झाली.

मग मराठीत काय म्हणावं? ‘मूग गिळणं’ जवळचं आहे, पण मूग गिळणारा निदान मनात धुमसत असतो. ‘अळीमिळी गुपचिळी’त सगळे वाटेकरी असतात, फेलिचा वाटेकरी नव्हती. माझं मत ‘मिठाची गुळणी’ला. धरणाऱ्याचंच तोंड भाजतं, आणि समोरचा विचारत राहिला तरी उत्तर येत नाही. फेलिचानं ती थुंकली, असं लेखात लिहिलंत तर मराठी वाचकाला तळटीप लागणार नाही.