स्क्रीनवर घसा तपासताना

प्रिय डॉक्टर,

जतकडच्या आयुष्मान आरोग्य मंदिरांतून येणारे ई-संजीवनीचे, म्हणजे सरकारी टेलिमेडिसिन सेवेचे, व्हिडिओ कॉल आता तू घेतोस, हे ऐकून बरं वाटलं. अँटिबायोटिकबद्दल मात्र आत्ताच बोलायला हवं.

ओपीडीत आपण टॉर्च मारून घसा बघतो, मानेच्या गाठी चाचपतो, छातीला स्टेथो लावतो. स्क्रीनवर यातलं काहीच जमत नाही, आणि मग ‘कव्हर म्हणून अझिथ्रो देऊन टाकू’ असं वाटतं. तिथेच थांब. शंका असेल तर पेशंटला बोलावून घे. प्रत्यक्ष तपासणी लागेल की नाही हे डॉक्टरनेच ठरवायचं, असं 2020 च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांतही आहे.

शिवाय पेशंटजवळ सीएचओ, म्हणजे केंद्रावरच्या समुदाय आरोग्य अधिकारी, बसलेल्या असतात, त्यांची मदत घे. टॉन्सिलवर पांढरा थर आहे का, गळ्याच्या पुढच्या बाजूच्या गाठी दुखतात का, हे त्यांना बघायला लाव. त्यासोबत ताप आहे आणि खोकला नाही, तर स्ट्रेप्टोकोकस या जिवाणूचा विचार कर. नाक गळतंय, आवाज बसलाय, खोकलाही आहे, तर ते बहुधा व्हायरलच.

लहान मूल असेल तर आईला त्याचा सदरा वर करून फोन छातीसमोर धरायला सांग. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोज. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नकोस. 2 महिने ते 1 वर्षाच्या बाळाचे 50 किंवा जास्त, 1 ते 5 वर्षांच्या मुलाचे 40 किंवा जास्त भरले, तर न्यूमोनिया धरून त्याच दिवशी तपासणीला पाठव. श्वास घेताना बरगड्यांखाली छाती आत ओढली जात असेल, तर थेट दवाखान्यात.

समोर बसलेल्या पेशंटचं दडपण वेगळं असतं. ऊसतोडीचा खाडा करून, एसटीचं भाडं भरून आलेला माणूस ‘पॉवरची गोळी द्या’ म्हणतो, आणि त्याला रिकाम्या हाताने पाठवायला जीव होत नाही. त्याला समजावून सांगायला दोन मिनिटं जास्त दे: सर्दीनंतरचा खोकला रेंगाळतो, गोळीने तो लवकर जात नाही. दोन आठवड्यांवर गेला तर थुंकी तपासायला पाठव. तोवर लेव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक अजिबात नको; टीबी असला तर तेवढ्यापुरता दबतो आणि निदान लांबतं.

प्रत्येक कॉल संपवण्याआधी तिसऱ्या दिवशीचा फोन ठरवून टाक. मिरजेला येशील तेव्हा तुझी या महिन्याची प्रिस्क्रिप्शनं घेऊन ये, एकेक काढून बघू.

तुझे सर