कर्ज की एफडी? त्याआधी ती पॉलिसी परत करा

पुण्याच्या एका वाचक मुलीचं पत्र आलं आहे. वय २८. हातात पगार ६२ हजार, आणि खोलीचं भाडं, साताऱ्याला आईला पाठवायचे पैसे धरून खर्च ४० हजार. सप्टेंबरमध्ये तिघी मैत्रिणींबरोबर पाठीवर सॅक टाकून १८ दिवस स्पेन, फ्रान्स आणि इटलीतली समुद्राकाठची गावं करायची आहेत: अलिकांते, व्हॅलेन्सिया, बार्सिलोना, मार्सेय, नीस, जिनोआ. अंदाज सव्वादोन लाखांचा. प्रश्न एवढाच की, २ लाख ४० हजारांची एफडी मोडू की १४ टक्क्यांनी दोन लाखांचं पर्सनल लोन घेऊ?

पुढे त्या लिहितात, "बँकेतल्या मॅडम म्हणाल्या एफडी मोडू नका, लोनच घ्या. त्यांनी एक छान पॉलिसीही करून दिली. बोनसचे एक लाख त्यात भरले. दहाच वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी दुप्पट. कागद ३ एप्रिलला ईमेलवर आले. म्हणजे पुढच्या ट्रिपांचीही सोय झाली."

तुमचं पत्र २१ एप्रिलचं आहे. ते वाचल्याबरोबर मी तुम्हाला वेगळं उत्तर पाठवलं, कारण ही तारीख थांबणारी नाही. पॉलिसीचे कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. याला फ्री लूक म्हणतात. मधल्या दिवसांच्या विम्याची रक्कम, मुद्रांक शुल्क आणि वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च कापून बाकी हप्ता परत मिळतो. तुमची मुदत ३ मेच्या आसपास संपते, त्यात १ मेची सुट्टी. अर्ज विमा कंपनीकडे लेखी करा, ईमेलने करा आणि पोच जपून ठेवा. बँकेच्या शाखेत जाऊन मॅडमना तोंडी सांगू नका. "थोडं थांबा, मी बघते" असं म्हणता म्हणता महिना निघून जातो. अशी किती प्रकरणं माझ्याकडे मुदत संपल्यावर येतात, आणि तेव्हा माझ्याही हातात फारसं काही उरलेलं नसतं.

आता 'दुप्पट'चा हिशेब. दहा वर्षांत दहा लाख भरायचे, विसाव्या वर्षी वीस लाख. पैसे सरासरी साडेपंधरा वर्षं तिथे राहतात. पैसे दुप्पट व्हायला साधारण किती टक्के व्याज पडलं, ते काढायला ७२ ला वर्षांनी भागायचं. ७२ ला साडेपंधराने भागा, साडेचार टक्क्यांच्या जरा वर उत्तर येतं. तुमची साधी एफडीसुद्धा याहून जास्त देते. हेच दहा हप्ते पीपीएफमध्ये, म्हणजे सरकारी भविष्य निर्वाह निधीत गेले आणि आजचा ७.१ टक्के दर तसाच राहिला, तर विसाव्या वर्षी २९ लाखांच्या घरात रक्कम होते. दुप्पट हा शब्द ऐकला की आधी विचारायचं: किती वर्षांनी? तुम्हाला तो प्रश्न कुणी विचारूच दिला नाही, याचा मला राग येतो. आणि पुढच्या ट्रिपांची सोय म्हणाल, तर ते पैसे तुमच्या ४८व्या वर्षी मिळणार आहेत. तोवर दरवर्षी एप्रिलमध्ये एक लाखाचा हप्ता दारात उभा. तुमची वर्षाची सगळी बचत आहे २ लाख ६४ हजार.

यात विमा किती आहे, तेही पाहा. दहा लाख. वडील नाहीत, आई तुमच्यावर अवलंबून, तिला मधुमेह, आणि कंपनीच्या मेडिक्लेममध्ये फक्त तुमचं नाव. उद्या तुम्हाला काही झालं तर दहा लाखांत आईची किती वर्षं निघतील? एक कोटीचा साधा टर्म विमा (फक्त मृत्यू झाला तरच पैसे देणारा) तुमच्या वयाला वर्षाला दहा हजारांच्या आसपास मिळतो. आईचा आरोग्य विमा मधुमेहामुळे महाग पडेल, २५-३० हजार धरा, पण आजच घ्या. आधीच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, आणि ते घड्याळ पॉलिसी घेतल्याशिवाय सुरूच होत नाही. अर्जात मधुमेह लपवू नका. एजंट "लिहू नका" म्हणाला तर एजंट बदला.

आता सहल. जायलाच हवं, यात मला शंका नाही. मैत्रिणींना एकदम सुट्टी मिळण्याची वर्षं फार नसतात.

पण कर्ज नको. दोन वर्षांत महिना ९,६०० चा हप्ता, ३० हजार व्याज, वर प्रोसेसिंग फी. "परत आल्यावर इन्क्रिमेंट होईल, त्यातून फेडीन" असं लिहिलंय तुम्ही. जी पगारवाढ अजून कंपनीच्या पत्रात नाही, ती हिशेबात धरायची नाही. एफडीही नको. ती तुमच्या सहा महिन्यांच्या खर्चाइतकी आहे आणि तुमच्याकडे दुसरा आधार नाही. न मोडता ती उपयोगीही पडेल, व्हिसाच्या कागदांत तिची पावती जोडता येते. शेंगेन व्हिसाला (युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) बँक खात्याचे गेल्या काही महिन्यांचे उतारे लागतात. अर्जाआधी अचानक कर्जाचे दोन लाख जमा झालेले तिथे चांगले दिसत नाहीत.

मग पैसे कुठून? पॉलिसीचे परत आलेले ९७-९८ हजार. एप्रिल ते ऑगस्टच्या पाच पगारांतून २२ हजारांप्रमाणे एक लाख दहा. त्यातून दोन्ही विम्यांचे ४० हजार काढा. हातात १ लाख ६७ हजार.

एवढ्यात १८ दिवस आणि तीन देश होत नाहीत. १२ दिवस आणि फक्त स्पेन होतं. १ युरो १०५ रुपये धरते. विमान ६० हजार. व्हिसाची फी ९० युरो, अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचे पैसे आणि किमान ३० हजार युरोंचा प्रवास विमा मिळून १४ हजार. होस्टेलच्या अकरा रात्री सरासरी ३२ युरोंनी ३७ हजार. बार्सिलोना महाग आहे, तिथे चारच रात्री ठेवा. व्हॅलेन्सिया आणि अलिकांतेत भरून निघेल. खाणं दिवसाला २५ युरो, म्हणजे ३१ हजार. दुपारी 'मेनू देल दिया' (ठरावीक किमतीचं पूर्ण जेवण) घ्या, संध्याकाळी बाजारातून आणून होस्टेलच्या स्वयंपाकघरात करा. आगगाड्या आणि प्रवेशशुल्क १६-१७ हजार. बेरीज १ लाख ५९.

मैत्रीण म्हणते तो युरेल पास, म्हणजे युरोपभरच्या आगगाड्यांचा पास, घेऊ नका. त्यातली तरुणांची सवलत २७ पर्यंत असते, आणि स्पेनच्या वेगवान गाड्यांना पासवरही आरक्षणाचे वेगळे पैसे पडतात. बार्सिलोना ते व्हॅलेन्सिया तीन तासांचा रस्ता, सुटं तिकीट आधी काढलं की स्वस्त पडतं. वाटेत तारागोनाला उतरा, तिथे समुद्राला लागून रोमन अँफिथिएटर आहे. सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा धरा. ऑगस्टची गर्दी ओसरलेली असते आणि पाणी अजून कोमट. कार्ड वापरताना यंत्राने "रुपयांत की युरोत?" विचारलं तर युरो निवडा, रुपयांचा दर नेहमी वाईट असतो.

मार्सेय, नीस, जिनोआ राहिलं म्हणून मैत्रिणी रुसतील. त्यांना हे आकडे दाखवा. त्यांतल्या एखादीनेही बहुधा त्याच लोनचा फॉर्म भरायला घेतला असेल. आणि विमा कंपनीचा ईमेल पत्ता पॉलिसीच्या पहिल्या-दुसऱ्या पानावर असतो. पॉलिसी परत करण्याचा अर्ज आज रात्रीच पाठवा.