छावणी, शिबिर की वसाहत?

प्रश्न असा आहे: वेस्ट बँकेतल्या नाब्लुसजवळच्या बलाता येथे पॅलेस्टिनी निर्वासितांचे तंबू जाऊन सत्तर वर्षं होत आली, आज तिथे तीन-चार मजली सिमेंटची घरं आहेत. तरी मराठी बातम्यांत त्याला कधी ‘निर्वासित शिबिर’ म्हणतात, कधी ‘छावणी’. सरळ ‘वसाहत’ का म्हणू नये?

वसाहत तर मुळीच नको. वेस्ट बँकेच्या संदर्भात मराठी वर्तमानपत्रांत हा शब्द इस्रायली वसाहतींसाठी रुळला आहे. ‘बलाता वसाहत’ लिहिलंत की वाचक नेमका उलटा अर्थ घेईल.

शिबिर चूक नाही, पण आज त्याला मुदतीचा वास आहे. रक्तदान शिबिर एका दिवसाचं, योग शिबिर आठवड्याचं. छावणीचं तसं नाही. मराठी फौजा दसऱ्याला मुलुखगिरीवर निघत आणि परमुलखात पावसाळा गाठला की ‘छावणी करत’, म्हणजे छपरं शाकारून महिनोन्‌महिने मुक्काम ठोकत. ‘छावणे’ म्हणजे आच्छादणे, शाकारणे. उठायचं आहे, पण कधी ते हातात नाही, हा भाव छावणीतच आहे.

अरबी शब्द आहे ‘मुखय्यम’, म्हणजे तंबू ठोकण्याची जागा. त्याचं मूळ ‘खैमा’, हिंदीतला खेमा तोच (आणि उमर खय्यामचं घराणंही तंबू शिवणाऱ्यांचंच). पन्नासच्या दशकात तंबूंच्या जागी सिमेंटच्या खोल्या आल्या, तरी नाव बदललं नाही. आपल्याकडे सिंधी निर्वासितांच्या उल्हासनगरची महानगरपालिका झाली, तरी पत्त्यात ‘कॅम्प नंबर ४’ राहिलाच. पण तिथे ती निव्वळ सवय आहे. बलाताचं नाव मात्र हक्काशी बांधलेलं आहे: १९४८ मध्ये, इस्रायलच्या स्थापनेच्या वेळी, सुटलेल्या गावी परतण्याचा दावा सोडलेला नाही, हे ‘मुखय्यम’ सांगतं. शिवाय घर बांधलं तरी खालची जमीन राहणाऱ्याच्या मालकीची नसते.

‘लोकसंख्या’ लिहिताना तर हमखास घोटाळा होतो. १९५० मध्ये बलाता पाच हजार लोकांसाठी वसवली. जागा तेव्हाही पाव चौरस किलोमीटर, म्हणजे साधारण ६२ एकर, आणि आजही तेवढीच. म्हणून घरं वर चढली आणि बोळ इतके अरुंद झाले की काही ठिकाणी अंग तिरकं करून जावं लागतं. संयुक्त राष्ट्रांची पॅलेस्टिनी निर्वासितांसाठीची संस्था बलाताचा आकडा ३३ हजारांच्या वर देते, पण तो नोंदणीचा आहे. नोंद असलेला माणूस नाब्लुस शहरात भाड्याने राहत असेल. उलट बैरूतच्या शतीला या पॅलेस्टिनी छावणीत नोंद नसलेले सीरियन आणि गरीब लेबनीही राहतात. तेव्हा ‘बलाताची लोकसंख्या ३३ हजार’ नको, ‘बलातात नोंदलेले निर्वासित ३३ हजारांवर’ असं लिहा. नोंद वडिलांकडून मुलांना मिळते, त्यामुळे छावणीत जन्मलेला नातूही कागदोपत्री निर्वासितच.

निर्वासित की शरणार्थी? अरबी ‘लाजिअ’चा शब्दशः अर्थ शरण घेणारा, म्हणजे शरणार्थीच जवळचा. तरी मी निर्वासितच लिहीन. तो मराठीत मुरलेला आहे, आणि कुणीतरी घालवून दिलं हे त्यात ऐकू येतं.

उच्चार ‘बलाता’, ‘बलाटा’ नव्हे. त्यातला त ‘सुलतान’मधलाच.