सोसायटीच्या हॉलमध्ये ‘द क्रेन्स आर फ्लाइंग’ दाखवायचा आहे, कोणता प्रोजेक्टर घ्यावा?

भाड्याचा घ्या. हॉल पूर्ण अंधारा होत असेल तर ३००० ल्युमेन उजेड पुरतो. पडद्यांमधून उजेड झिरपत असेल तर महागडाही उपयोगाचा नाही, काळ्याकरड्या छटा धुऊन जातात. मे महिन्यात नागपुरात पावणेसातच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे साडेसातच्या आधी सुरू करू नका. प्रोजेक्टरचं एवढंच. खरी नासाडी रिमोट करतो.

सोव्हिएत दिग्दर्शक कालातोझोव्हचा हा १९५७ चा सिनेमा १.३७:१ चौकटीचा, म्हणजे उंचीच्या १.३७ पट रुंद आहे. १६:९ च्या रुंद पडद्यावर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येणारच. ते दिसले की कमिटीतले कोणीतरी काका हमखास उठतात, “अर्धा पडदा रिकामा काहून ठेवला?” चित्र ताणलं तर चेहरे तीस टक्के फुगतात. झूम केलं तर जवळपास तेवीस टक्के उंची कापली जाते, आणि हा सिनेमा उंचीचाच आहे. नायक बोरीस गोल जिन्यावरून धावत वर जातो तेव्हा कॅमेरा त्याच्यासोबत चढतो. युद्धात त्याला गोळी लागते तेव्हा बर्चचे शेंडे गरगरतात. नावातले करकोचे (क्रेन्स) तर आकाशातच. धरमपेठेतल्या एका खेळात असंच झूम मारलं गेलं आणि सबटायटलची खालची ओळही पडद्याबाहेर गेली. वर हेच लोक म्हणाले, सिनेमा कळत नाही! ‘मोठं दिसतं’ म्हणून चित्र कापणाऱ्यांशी वाद घालू नका, रिमोट खिशात ठेवा.

मराठी सबटायटल स्वतः करत असाल तर फाइल यूटीएफ-८ एन्कोडिंगमध्ये (अक्षरं साठवायची पद्धत) सेव्ह करा, नाहीतर अक्षरांऐवजी भलतीच चिन्हं येतील. एका वेळी दोनच ओळी, ओळीत पस्तीसेक अक्षरं. पांढऱ्या अक्षरांना काळी किनार हवीच, नाहीतर बर्फात ती हरवतात. सबटायटल सेकंदाला २५ फ्रेमच्या प्रतीवरची आणि तुमची प्रत २४ ची असेल तर शेवटाकडे जवळपास चार मिनिटांची तफावत पडते. व्हीएलसी प्लेयरमधल्या जी-एच कळा सगळी फाइल एकसारखी सरकवतात, ही वाढत जाणारी तफावत त्यांनी जात नाही. फ्रेमरेट बदलून फाइल नव्याने काढा. सैनिकांच्या निरोपाच्या गर्दीतलं प्रत्येक वाक्य देऊ नका. तिथे त्याची प्रेयसी वेरोनिका बोरीसला शोधतेय एवढं दिसलं पाहिजे.

कूलर बंद करता येणार नाहीत, पण पंखा ‘लो’वर आणि पंप चालू ठेवा. आवाज पंख्याचा असतो. बॉम्बने उडालेल्या घरात घड्याळाची टिकटिक ऐकू आली नाही तर तो प्रसंग फुकट गेला. ओली हवा प्रोजेक्टरवर जाऊ देऊ नका.

बोरीस युद्धावर असताना वेरोनिका त्याच्या नात्यातल्या भावाशी, मार्कशी, लग्न करते. त्यामुळे खेळानंतर कोणीतरी नक्की म्हणेल, “वेरोनिकाने बेइमानी केली.” हेच आरोप सिनेमात बोरीसचा बाप फ्योदोर इव्हानोविच करतो: इस्पितळात एका जखमी सैनिकाच्या वाग्दत्त वधूबद्दल, वेरोनिका ऐकत असताना. ती तिथून थेट रेल्वेकडे धावते. दिग्दर्शकाने प्रेक्षकांचा निवाडा बोरीसच्या बापाच्या तोंडी घालून तो तिच्यावर कसा आदळतो ते दाखवलंय. तरीही तिला बदफैली म्हणणाऱ्याने मधली बॉम्बहल्ल्याची रात्र, मार्कने केलेली जबरदस्ती, पाहिलेलीच नाही.

दोन गोष्टी राहिल्या. काही प्रतींमध्ये काळे पट्टे चित्रातच कायमचे छापलेले असतात, तिथे काही बदलू नका. आणि सोसायटीचा खेळ असला तरी हक्कांबाबत मोसफिल्मला (हा सिनेमा काढणारा स्टुडिओ) आधी विचारून घ्या.