डिसेंबरची लक्षद्वीप क्रूझ आणि बाल्कनी: उजवी बाजूच घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की डिसेंबर अखेरीस आईबाबांना घेऊन मुंबई-गोवा-लक्षद्वीप-मुंबई करताय, बाबांना सकाळी कोवळ्या उन्हात बसून चहा प्यायचाय, आईंना डॉक्टरांनी ऊन टाळायला सांगितलंय, तर बाल्कनी केबिन डावीकडची घ्यायची की उजवीकडची. उत्तर आधीच देते, उजवी, म्हणजे स्टारबोर्ड. पुढचं जरा लांबलचक लिहितेय कारण मार्ग किंवा महिना बदलला की उत्तरही बदलतं, आणि ते तुमचं तुम्हाला काढता यायला हवं.

माझ्या सासूबाईंना ल्युपस आहे, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते तो आजार. पंधरा मिनिटं ऊन लागलं तरी गालांवर चट्टे उठतात आणि मग दोन-तीन दिवस सांधे धरतात. पहिल्यांदा त्यांना घेऊन याच मार्गावर गेलो तेव्हा मी हिशोब केला की जहाज दक्षिणेला जाणार, म्हणजे डावीकडे पूर्व आणि उजवीकडे पश्चिम, दुपारचं ऊन पश्चिमेकडून येतं, तर डावी घेऊ. बुकिंगवाल्यानेही हो म्हटलं. जातानाचा हिशोब बरोबरच होता हो, पण जाताना बाल्कनीत बसायला वेळ किती मिळतो ते मी बघितलंच नव्हतं. मुंबईहून संध्याकाळी निघालो, सकाळी गोवा. गोव्याहूनही संध्याकाळीच निघालो, रात्र प्रवासात, नंतरचा वेळ बेटावर. आख्खा दिवस समुद्रात असा एकच मिळाला आणि तो येतानाचा, तेव्हा जहाजाचं तोंड उत्तरेला आणि आमची डावी बाजू सरळ पश्चिमेला! दुपारी एकनंतर ऊन जे आत घुसलं ते सूर्यास्तापर्यंत. सासूबाई पडदा ओढून आत बसल्या, ज्या दिवसासाठी आम्ही बाल्कनीचे जास्तीचे पैसे भरले होते त्याच दिवशी. त्या काही बोलल्या नाहीत, पण मला फार वाईट वाटलं.

म्हणून पहिली गोष्ट, जहाज कुठे जातंय हे बघू नका, दिवसाउजेडी ते कुठल्या दिशेने चाललेलं असेल ते बघा. रात्रीचा प्रवास हिशोबातून काढूनच टाका. तुम्ही वेळापत्रक टाकलंय त्यातही तसंच आहे, लक्षद्वीपहून संध्याकाळी निघून मधला पूर्ण दिवस समुद्रात आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मुंबई. लक्षद्वीपमधलं अगत्ती बेट साधारण ७२.२ रेखांशावर आणि मुंबई ७२.८ वर, म्हणजे जहाज जवळजवळ नाकासमोर उत्तरेला येतं. त्या दिवशी उजवीकडे पूर्व. सकाळी बाबांना ऊन, दुपारपासून संध्याकाळपर्यंत आईंना सावली. सकाळी आई आत आणि बाबा बाहेर, दुपारी दोघं बाहेर, असं सहज जमतं.

यात एक बारकावा आहे. आपलं घड्याळ ८२.५ रेखांशावर लावलेलं आणि आपण त्याच्या बऱ्याच पश्चिमेला, त्यामुळे डिसेंबर अखेरीस मुंबईच्या आसपास सूर्य मध्यावर येतो तो बाराला नाही, पावणेएकच्या सुमारास. तेव्हा उजव्या बाजूला पावणेएकपर्यंत तरी ऊन धरून चला, आईंना त्याआधी बाहेर बसवू नका. जेवण करूनच बाहेर या.

आता कोणी म्हणेल की बाल्कनीला वर छप्पर असतंच की, वरच्या मजल्याची बाल्कनी असते ना डोक्यावर. असते, पण ती कुठल्या उन्हाला अडवते ते समजून घ्या. समजा बाल्कनी दीड मीटर खोल आहे आणि छत सव्वादोन मीटरवर. दाराला खुर्ची टेकवून बसलं तर समोरून येणारा सूर्य अंदाजे ४५ अंशांच्या वर असेल तोवर डोक्यावर सावली राहते, पाय मात्र उन्हात असू शकतात. सूर्य त्याच्या खाली उतरला की ऊन तोंडावर. डिसेंबर अखेरीस गोव्याच्या आसपास भर दुपारीच सूर्य कसाबसा ५१ अंशांवर असतो आणि चार वाजता तो २७-२८ वर आलेला असतो. म्हणजे हिवाळ्यात दुपारनंतरच्या उन्हाला छत काहीच करत नाही, तिथे बाजूच कामाला येते. मे महिन्यात उलटं, तेव्हा मुंबईवर सूर्य अगदी डोक्यावरून जातो, तेव्हा डावी-उजवी पेक्षा छत आहे की नाही हे जास्त महत्त्वाचं. आपल्याकडे लोक फक्त डावी-उजवी विचारतात आणि महिना सांगतच नाहीत. तुम्ही सांगितलात ते फार बरं केलंत.

छताचं म्हणाल तर बुक करण्याआधी जहाजाचा बाहेरून काढलेला फोटो नीट बघा, नुसता डेक प्लॅन, म्हणजे मजल्यांचा नकाशा, पुरत नाही. काही जहाजांवर वरच्या मजल्याच्या बाल्कन्या आत सरकलेल्या आणि खालच्या बाहेर आलेल्या असतात, तिथे तुमच्या डोक्यावर अर्धं छत किंवा छतच नाही. मागच्या टोकाला तर हे बऱ्याचदा, पायऱ्या-पायऱ्यांसारखं बांधकाम असतं. स्विमिंग पूलच्या लगेच खालचा मजला असेल तर वरचा डेक बाहेर आलेला असतो, सावली भरपूर मिळते, पण सकाळी साडेसहापासून डोक्यावर खुर्च्या ओढल्याचे आवाज. वयस्कर माणसं सोबत असतील तर मी तो मजला घेत नाही, त्याच्याही एक मजला खाली बघते. काही मोठ्या जहाजांवर अगदी खालच्या मजल्यांवर जहाजाच्या पत्र्यातच खिडकीसारखी कापून बाल्कनी केलेली असते, तिन्ही बाजूंनी बंदिस्त, त्या सगळ्यात सावलीच्या. माणसं काचेच्या कठड्याला भुलतात, पण ज्यांना ऊन चालत नाही त्यांना काचेपेक्षा पत्र्याचा कठडा बरा, निदान कमरेखाली तरी सावली राहते.

आपल्याकडे कॉर्डेलिया कंपनीचं एम्प्रेस जहाज २०२१ पासून चालतंय, ते १९९० साली नॉर्डिक एम्प्रेस नावाने बांधलेलं. त्या काळच्या जहाजांना बाल्कन्या कमीच ठेवायचे, त्यामुळे यात बाल्कनीच्या केबिन मोजक्याच आहेत. तुम्ही त्यानेच जाणार असाल तर बाजू ठरली की थांबू नका. आणि थोडे पैसे वाचतात म्हणून गॅरंटी केबिन अजिबात घेऊ नका, त्यात नंबर कंपनी देते, बाजू तुमच्या हातात राहत नाही. नंबर हातात आल्यावर डेक प्लॅनवर जहाजाचं पुढचं टोक कुठे आहे ते आधी शोधा, त्याकडे तोंड करून उभं राहिल्यावर उजव्या हाताला ते स्टारबोर्ड. सम-विषम नंबरांवरून बाजू ओळखू नका, सगळ्या कंपन्यांची पद्धत सारखी नसते.

उजवी बाजू घेतल्याचा एक फायदा असा की मुंबईहून निघताना गेटवे, ताज, कुलाबा सगळं उजव्या हाताला राहतं. तेव्हा जहाज दक्षिणेकडे निघालेलं, त्यामुळे सूर्यही तिकडेच, पण डिसेंबरात सहा-सव्वासहाला मावळतोच, आईंना फक्त शेवटच्या पाऊण तासापुरतं आत थांबवा किंवा लांब बाह्या आणि ओढणी. बेटापाशी जहाज नांगर टाकून उभं असेल तर मात्र कुठलाच हिशोब चालत नाही, वारा आणि प्रवाहाप्रमाणे ते फिरत राहतं, सकाळी सावलीत असलेली बाल्कनी दोन तासांनी उन्हात येते.

अजून एक, सावलीत बसलात म्हणून आईंना सनस्क्रीन लावायचं सोडू नका. अतिनील किरण नुसते सूर्याकडून सरळ येत नाहीत, मोकळ्या आकाशातूनही येतात, आणि समुद्रावर अडवायला ना झाड ना भिंत. सासूबाईंना दुसऱ्या खेपेला आम्ही उजव्या बाजूला नेलं, पूर्ण सावली होती, तरी टोपी, सनस्क्रीन आणि पूर्ण बाह्यांचा सुती कुडता होताच. चार तास बसल्या बाहेर. उडणारे मासे दिसले त्यांना, मला हाक मारून मारून दाखवत होत्या, आणि चट्टा एकही आला नाही.

दुसऱ्या मार्गांचं थोडक्यात. पूर्व-पश्चिम प्रवास असेल तर बाजूने फारच फरक पडतो, कारण आपल्या हिवाळ्यात दक्षिणेकडची बाजू दिवसभर उन्हात आणि उत्तरेकडची दिवसभर सावलीत. जुन्या काळी इंग्लंडहून मुंबईला येणारे साहेब लोक येताना डावी आणि जाताना उजवी बाजू मागायचे, त्यावरून, म्हणजे 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम'च्या आद्याक्षरांवरून (पोर्ट म्हणजे डावी), पॉश हा शब्द आला अशी गोष्ट सांगतात. तसा शिक्का असलेलं तिकीट काही कोणाला सापडलेलं नाही, शब्दाची गोष्ट बहुधा खोटीच, पण सावलीचा हिशोब मात्र बरोबर आहे, येताना डावीकडे उत्तर, जाताना उजवीकडे उत्तर. सिंगापूर-पेनांग-फुकेत करणार असाल तर मलाक्काच्या सामुद्रधुनीत जहाज वायव्येला जातं, डिसेंबरात जाताना उजवी बाजू जास्त सावलीची, येताना डावी, सकाळी मात्र तिथेही ऊन येतं, तिथे परत वेळापत्रकच बघावं लागेल की समुद्रातला दिवस जातानाचा आहे की येतानाचा.

केबिन शक्यतो जहाजाच्या मध्याजवळ आणि लिफ्टपासून चालत जाता येईल इतकी घ्या, हलणंही तिथे कमी जाणवतं. उजवीकडची मिळालीच नाही तर डावी घेऊन येतानाच्या दिवशी सकाळी साडेसात ते बारा हा वेळ आईंचा आणि बाबांचा चहा वरच्या डेकवर, असंही करता येईल. जहाज आणि मिळू शकणारे दोन-तीन केबिन नंबर इथे टाका, मी आज रात्री डेक प्लॅन काढून बघते आणि सांगते.